वाफा क्रमांक एकची लवकी

१ जून २०२५, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मोजणी खात्यात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी लिहिल्या, आता स्वतःचं लिहीन. कोणाला दाखवायची नाही. बायकोला, म्हणजे सरस्वतीलाही नाही. तिला वाचायची हौस नाहीच म्हणा.

नोंद करण्यासारखी घटना: आमच्या लेआऊटच्या ओपन स्पेसमध्ये भाजीपाल्याची बाग होणार. दहा वर्षं तिथं गाजरगवत अन् डुकरं होती, अख्ख्या नांदुऱ्यात कोणाला काही सुचलं नाही. कल्पना छायाबाईची. शाळेत शिकवते, प्लॉट नंबर चौदा. म्हणजे व्हॉट्सॲपवर तिनं आधी टाकली एवढंच, माझ्या डोक्यात ती येण्याच्या बेतातच होती. बारा वाफे, बारा घरं. दर रविवारी सकाळी मधल्या टेबलावर अदलाबदल. ज्याच्याकडे जे जास्त ते त्यानं ठेवायचं, ज्याला जे लागेल ते त्यानं न्यायचं.

वाफे मी आखले. टेप माझा, दोरी माझी, चुना माझा. इंचाचा फरक नाही. पहिला नंबर स्वतःकडे ठेवला, ते साहजिकच आहे. बोअरचा नळ चौथ्या वाफ्याला लागून आहे हे नंतर लक्षात आलं.

चौथा गेला अजीजुन्निसाकडे. ही बाई प्लॉटधारकसुद्धा नाही. त्या ड्रायव्हर शेषरावच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहते, एकटी. नवरा होता तोवर दोघं मोताळ्याकडे लोकांच्या विहिरीवर भाजीपाला करायचे म्हणे, तीस वर्षं. आता हात मातीत नसले की तिला झोप लागत नाही, असं छायाबाई सांगत होती. झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे जावं. वाफा काऊन?

संकल्प: नळ मिळवायचा. शांतपणे, नियमात राहून.

८ जून, रविवार

वडनेर भोलजीला जाऊन आलो, साळ्याकडे. हरिओम. माणूस आळशी, पण जुनी शेती आहे, म्हणून बियाणं पाहायला गेलो. बाजारातलं पाकिटातलं बी मी लावणार नाही. पाकिटातलं बी शेषराव लावतो.

गोठ्यात आढ्याला एक वाळका भोपळा दोरीनं टांगलेला. घागरीएवढा. हरिओमची पोरं तो पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मी हलवून पाह्यला, आत बिया खुळखुळल्या. पुण्याचे लोक जिला दुधी म्हणतात अन् आम्ही लवकी, तीच ही. फक्त अस्सल. एवढी जाड साल आजकाल कुठं पाहायला मिळते?

हरिओम म्हणाला, भाऊजी, हे खायचं बी नाही, हे पोहायचं आहे. अन् हसला. मी लगेच ओळखलं. असे लोक चांगलं वाण दडवून ठेवतात, बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा देत नाहीत. मी म्हटलं, पोरांले ट्यूब घेऊन दे. भोपळा काढून घेतला.

एस.टी.त मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरनं विचारलं, काका, तिकिटं दोन फाडू का. सगळी गाडी हसली. उद्या हेच लोक बी मागायला येतील.

२२ जून, रविवार. सकाळी ७

सोळा बिया, सोळा कोंब. शंभर टक्के. शेषरावची टमाट्याची रोपं मरून राह्यली आहेत. हा वाफा नंबर दोन, माझा शेजारी. रिटायर ड्रायव्हर. आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, त्याला शेतीतलं काय समजतं? तरी मला विचारत होता बी कुठलं. मी म्हटलं, खानदानी आहे. तो म्हणाला बरं.

त्याच्या त्या ‘बरं’मध्ये जळकेपणा होता. आजपासून शेषरावशी बोलणं बंद.

सरस्वतीनं विचारलं, हरिओम बियाबद्दल काही बोलला नाही का. मी म्हटलं, तुझ्या माहेरच्यांचं मन लहान आहे, एवढंच कळलं. ती पोळ्या करत राहिली.

१३ जुलै, रविवार

पाण्यावरून अपमान. नळ अजीजुन्निसाच्या वाफ्याशी, पाइप तिच्याच हातात. तिनं आधी नऊला दिलं, मग सातला, मग अकराला. मी म्हटलं, बाई, क्रमांक असतात ते कशाला असतात. एकपासून सुरू करायचं.

तर मला म्हणते, "भाई, जिसकी मिट्टी सूखी, उसका नंबर पहला."

चार बाया उभ्या होत्या तिथं. एकीनंही तिला टोकलं नाही. सरस्वती तर मान डोलावून राह्यली होती. घरी आल्यावर तिला विचारलं की नवरा कोणाचा. ती म्हणाली, माती आपली ओलीच होती न.

तक्रारअर्जाचा मसुदा केला. दोन पानं. सुवाच्य.

२७ जुलै, रविवार. सकाळी ६.३०

वेल मांडवावर चढला. मांडव पुरला नाही म्हणून शेषरावच्या वाफ्यावर गेला. त्याच्या उरलेल्या टमाट्यांवर सावली पडते अशी त्याची कुरकुर. छायाबाईमार्फत निरोप आला की आपला वेल आपल्या हद्दीत ठेवावा.

मला हद्द शिकवतात! चौतीस वर्षं लोकांची अतिक्रमणं मोजली मी. हे अतिक्रमण नाही, वाढ आहे. शेषरावच्या टमाट्यात दम असता तर तीही माझ्याकडे आली असती.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०.४५

पहिला तोडा. सात लवक्या. एकेक हातभर, गुळगुळीत. अदलाबदलीच्या टेबलावर मांडल्या अन् मी खुर्ची टाकून बाजूलाच बसलो.

दहा मिनिटांत संपल्या. सात मिनिटं म्हटलं तरी चालेल. वाफा नंबर सातच्या मंजुळाबाईनं दोन उचलल्या. शेषरावनं एक नेली, न बोलता. अजीजुन्निसानंसुद्धा एक नेली. प्रत्येक जण लवकी उचलताना आधी सरस्वतीकडे पाहत होता. हेवा, दुसरं काय. अशा माणसाची बायको म्हणून.

एक खटकलं. सरस्वतीनं टेबलावर खारोड्यांचा डबा आणून ठेवला. उन्हाळ्यात बाजरीच्या करून वाळवते त्या. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की ताज्या मालाशेजारी वाळवण शोभत नाही. तिनं डबा पदराखाली घेतला.

घरी तिनं त्याच वेलाची एक लवकी चिरली होती काल. म्हणाली, कडू आहे. मी म्हटलं, जीभ दाखव कोणाला तरी. मी स्वतः लवकी खात नाही. अकोल्याच्या हॉस्टेलात अठ्ठ्याहत्तर साली सलग तेरा दिवस लवकीचीच भाजी होती, तेव्हापासून ती माझ्या तोंडात गेली नाही. पण माल ओळखायला खावा लागतो असं थोडीच आहे. शेत मोजायला मी कधी नांगर धरला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

अकरा लवक्या. सहा मिनिटं. विक्रम.

अजीजुन्निसाची अंबाडी सव्वानऊपर्यंत पडून होती. मी तिथून जाताना तिला म्हटलंसुद्धा, काय बाई, आज गिऱ्हाईक नाही? ती हसली. दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या. म्हणाली भाभीला द्या. लाच.

दुपारी फिरताना मागच्या नाल्यात एक लवकी दिसली. माझीच, शंका नाही. पलीकडे अजून तीन. माझा निष्कर्ष: वेलावरून कोणीतरी चोरून तोडत आहे अन् पळताना हातातून पडत आहेत. मागणी एवढी वाढली की लोक रविवारपर्यंत थांबायला तयार नाहीत.

चौकशी सुरू.

३१ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४

घरात काहीतरी चालू आहे. सरस्वती भर पावसाळ्यात खारोड्या करून राह्यली. पंख्याखाली वाळवते. उन्हाळ्यात तीन डबे भरले होते, दोन रिकामे दिसले. विचारलं तर म्हणे पाहुण्यांना दिल्या. कोणते पाहुणे? मला तर कोणी दिसला नाही.

अन् दुपारी मी आडवा झालो की मागच्या दारी बाया. आज डोळे मिटून पडून राहिलो अन् कानोसा घेतला. मंजुळाबाई, छायाबाई, आणखी दोघी. येतात, कुजबुजतात, पिशवी घेऊन जातात. सकाळी ज्यांनी लवकी नेली त्याच बाया. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. फक्त अजीजुन्निसा येत नाही.

उलगडा झाला. लवकीची रेसिपी विचारायला येतात. अजीजुन्निसाला गर्व, म्हणून ती येत नाही.

पण हे बरोबर नाही. जे व्हायचं ते टेबलावर, सगळ्यांसमोर व्हावं. कारभार पारदर्शक पाहिजे. त्यासाठी अध्यक्ष पाहिजे. अन् अध्यक्ष कोण असावा हे मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. ग्रुपवर लिहिलं आहे.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

तीन नियम मांडले. एक: टेबलावर फक्त वाफ्यातला ताजा माल, वाळवण बंद. दोन: देवाणघेवाण टेबलावरच, मागच्या दारानं नाही. तीन: वाफा फक्त प्लॉटधारकाला.

छायाबाई म्हणाली, पहिले दोन येत्या रविवारपासून करून पाहू सर. तिसऱ्यासाठी अठ्ठावीस तारखेला सगळे बसू. ‘सर’ म्हणाली. हवा बदलते आहे.

तिसरा नियम वाचताना अजीजुन्निसा मिरचीला माती लावत होती. वर पाह्यलं नाही. ऐकू गेलं असणार.

सरस्वतीचा चेहरा उतरला होता. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, येत्या रविवारी मी बागेत येत नाही. मी म्हटलं, नको येऊ. माल बोलतो, बायको लागत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी

चार दिवस मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो आहे. एकही बाई फिरकली नाही. रेसिपी सगळ्यांना पाठ झाली असावी.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०.५०

नऊ लवक्या नेल्या. नऊ परत आणल्या.

दोडके गेले, भेंडी गेली, शेषरावच्या त्या बोराएवढ्या टमाट्यांसाठी दोन बायांची ओढाताण झाली. अजीजुन्निसाची अंबाडी सगळ्यात आधी. माझ्या लवक्यांकडे लोक पाहत होते अन् मग आभाळाकडे पाहत होते. मंजुळाबाई म्हणाली, मागचीच आहे घरात अजून. मी विचारलं, मागच्या रविवारी दोन नेल्या होत्या, आठवडाभर पुरल्या? ती म्हणाली, हाव, मोठ्या होत्या न. शेषराव खोकला. त्याला खोकला नाही, मला माहीत आहे.

साडेदहापर्यंत खुर्चीवर बसलो. उठल्यावर पाठ दुखली.

घरी सरस्वतीनं दारातच पिशवी पाह्यली. नऊ लवक्या मोजून कोपऱ्यात ठेवल्या. 

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६

विचार करून निष्कर्षावर आलो. बहिष्कार आहे. एका आठवड्यात एवढी चव बदलत नाही माणसाची. तीन नंबरचा नियम मांडला अन् पुढच्याच रविवारी हे झालं, यात सगळं आलं. अजीजुन्निसानं प्रत्येकाला फितवलं. कोणाला मिरची, कोणाला अंबाडी, कोणाला आधी पाणी. साधी दिसणारी माणसंच अशी असतात. मोजणीच्या वेळी पाहायचो, जो जास्त नमस्कार करतो त्यानंच बांध कोरलेला असतो.

संकल्प: तिचा वाफा काढल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही. नळ हा विषयच नाही आता. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२१ सप्टेंबर, रविवार. सायंकाळी ५

पुरावा मिळाला.

पहाटे उठून, वाफेवाल्यांच्या अन् बिनवाफ्यांच्या मिळून, तेरा घरांच्या गेटवर एकेक लवकी ठेवून आलो. वानवळा म्हणून. शेतातलं, वाफ्यातलं आपण होऊन कोणी दिलं तर आपल्याकडे त्याला नाही म्हणत नाहीत, परतही पाठवत नाहीत. हे कोणत्याही नियमाच्या वर आहे. बहिष्कार घालून दाखवा म्हटलं.

दुपारी कंपोस्टच्या खड्ड्यावर गेलो. तेराच्या तेरा तिथं. एका खड्ड्यात तेरा लवक्या म्हणजे हे एकाच माणसाचं काम. तेरा घरांना एकच गोष्ट एकाच दिवशी सुचत नसते. कोण रोज पहाटे बागेत असतं? अजीजुन्निसा. गेटवरून उचलल्या अन् खड्ड्यात टाकल्या. फोटो काढले, टेप आडवा धरून.

सरस्वतीला फोटो दाखवले. तिनं फोन बाजूला ठेवला अन् म्हणाली, "आपाचा वाफा नका काढू. बाकी काही बोला, मले बोला, पण तिचा वाफा नका काढू."

अजीजुन्निसा हिची आपा कधी झाली? काऊन, असं मी विचारलं. ती म्हणाली, तिच्याकडे दुसरं काही नाही हो. मी म्हटलं, माझ्याकडे काय आहे? बायको शत्रूच्या बाजूनं.

तेव्हापासून बोलणं बंद. जेवण वेळेवर मिळतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

भाषण पाठ केलं. आरशासमोर दोनदा. मुद्दा असा बसवला आहे की शेवटी लोक उभे राहतील. एक प्रयोगही करून दाखवणार आहे. सगळ्यांसमोर तिलाच लवकी खायला लावणार अन् विचारणार, सांग, काय खोट आहे? खोट सांगता आली नाही की बहिष्कार उघडा पडला.

सगळ्यात देखणी लवकी तोडून ठेवली.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.३०

मीटिंग झाली. क्रमानं लिहितो. पोट जरा ठीक नाही.

सगळे आले होते. सरस्वतीही, मागं बसली. मी बावीस मिनिटं बोललो. नाला, खड्डा, फोटो, फितुरी, सगळं. लोक शांत होते. प्रभाव पडला होता. मग अजीजुन्निसाला बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली अन् हात पुसत म्हणाली, "वाफा ले लो भाई. बस, मिर्ची लाल होने दो. फिर मैं खुद खाली कर देती."

छायाबाई मधे पडायला उठली. मी तिला बसवलं. म्हटलं, असं नाही, आधी सत्य बाहेर येऊ द्या. लवकी चिरली. फोडी ताटलीत घालून बाईसमोर धरल्या. म्हटलं, खा अन् सगळ्यांसमोर सांग, काय वाईट आहे माझ्या मालात.

तिनं सरस्वतीकडे पाह्यलं. सरस्वती मान हलवून नको नको करत होती. बाईनं फोड तोंडात टाकली. चावली. पूर्ण गिळली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंड वाकडं केलं नाही. म्हणाली, "अच्छी है भाई."

मी लोकांकडे वळलो. म्हटलं, ऐकलं? अन् ताटलीतली फोड उचलून स्वतः खाल्ली. सत्तेचाळीस वर्षांत पहिली.

अस्सल वाणाची चव सुरुवातीला जरा तीव्र असते. ही माहिती मला नव्हती, आता झाली.

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. शेषराव तर पुढं सरकून. थुंकणं शक्यच नव्हतं. दुसरी खाल्ली. मग तिसरी, कारण दुसरीनंतर मंजुळाबाई म्हणाली, राहू द्या हो भाऊ. चौथी तिला उत्तर म्हणून.

मग मतदान घेतलं. अजीजुन्निसाचा वाफा काढावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. एक हात वर झाला. तो माझा होता. सरस्वतीचे दोन्ही हात मांडीवर होते.

बाई बोअरमागं जाऊन ओकली. सरस्वती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला कोणी

१.१०

परत बाथरूमला जाऊन आलो. चौथ्यांदा.

३० सप्टेंबर, मंगळवार. दवाखाना. सकाळी

दोन दिवस सलाईन. आज पेन धरता आलं.

डॉक्टर पोरगा आहे, तिशीचा. म्हणे कडू लवकीत विष असतं काका, पहिल्या घासाला कळतं, तुम्ही थुंकली काऊन नाही. मी म्हटलं, मीटिंग चालू होती. त्यानं ते केसपेपरवर लिहिलं की काय, माहीत नाही. नर्स तोंडावर हात धरून बाहेर गेली.

अजीजुन्निसाला घरीच मीठ-साखरेचं पाणी देऊन भागलं. तिनं एकच फोड खाल्ली होती.

शेषरावनं मला आणलं म्हणे. स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटवर झोपवून. मी त्याच्या सीटवर ओकलो. तो बाहेर बाकड्यावर बसला आहे. आत येत नाही, कारण माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे.

सायंकाळी ५

सरस्वतीशी बोललो. म्हणजे ती बोलली.

पहिल्या दिवशीच तिला कळलं होतं. भाजी चाखली अन् तिनं त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, कडू आहे, कोणी खाऊ नका. पण टेबलावरून उचला. उचलून फेकून द्या. जी लवकी उचलेल तिला मी खारोड्या देईन. म्हणून त्या बाया मागच्या दारी येत होत्या. डबे संपले म्हणून ती पावसाळ्यात पुन्हा करत बसली. मग मी वाळवण बंद केलं अन् दारात खुर्ची टाकून बसलो.

विचारलं, एकही लवकी कोणी खाल्ली नाही? तिनं विचार केला. म्हणाली, मंजुळाबाईच्या बकरीसमोर एक ठेवली होती, बकरीनं हुंगली.

अन् तेरा गेटवरच्या? त्या ज्याच्या त्यानंच टाकल्या म्हणे. तेरा घरांनी. एकेक करून.

मग मी म्हटलं, अजीजुन्निसा तर मागच्या दारी कधी आली नाही. ती म्हणाली, आपानं खारोडी घेतलीच नाही. म्हणाली, भाभी, याची काय अदलाबदल करायची. दर रविवारी लवकी न्यायची अन् आपल्या खोलीमागं खड्डा करून पुरायची, कोणाला दिसू नये म्हणून.

मी भिंतीकडे तोंड केलं. तिला म्हटलं, तू मला हे सांगायचं तरी.

सरस्वतीनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "लोकाईनं तुमाले हसू नये म्हून देत राह्यली मी. आता माह्या खारोड्या संपल्या."

डॉक्टर म्हणतात उद्या घरी सोडतील. घरी जायची घाई नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०

वेल उपटला. मी नाही, सरस्वतीनं अन् शेषरावनं. खिडकीतून पाह्यलं. वाफा नंबर एक सरस्वतीच्या नावानं केला असं छायाबाईनं ग्रुपवर टाकलं, त्यावर सगळ्यांचे अंगठे आले. मला कोणी काही विचारलं नाही, अन् मीही काही लिहिलं नाही. एक वाक्य टाइप केलं होतं, ते पुसलं.

अजीजुन्निसाचा वाफा आहे तसा आहे. तिसऱ्या नियमाचा विषय कोणी काढलाच नाही पुन्हा.

काल तिच्याकडून स्टीलच्या डब्यात मुगाची खिचडी आली. पोट नाजूक आहे म्हणून बिनतिखटाची, पालक घालून. सरस्वती म्हणाली, खा. खाल्ली. सगळी खाल्ली. सहा दिवसांत पहिल्यांदा काही पोटात राहिलं.

सकाळी सरस्वतीनं डबा घासून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, तुमच्यासाठी आला होता, तुम्हीच नेऊन द्या. मी उठलो तर म्हणाली, रिकामा?

आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण घालायचं काय? घरभर फिरलो. लोणचं तिचं, कुरडया तिच्या, कुंडीतला गवती चहासुद्धा तिनं लावलेला. माझ्या कपाटात टेप निघाला अन् तक्रारअर्जाच्या दोन झेरॉक्स. डबा हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी तिनंच साखरेची बरणी काढली अन् दोन वाट्या त्यात ओतल्या. झाकण लावायचं काम मी केलं.

बागेत अदलाबदल चालू होती. मी गेलो तसं बोलणं थांबलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो. शेषराव बाजूला सरकला, वाट दिली. मी त्याला म्हटलं, सीट धुवून देईन. तो म्हणाला, धुतली.

अजीजुन्निसा मिरच्या तोडत होती. लाल झाल्या आहेत. डबा पुढं केला. तिनं ओढणीला हात पुसले, झाकण उघडून पाह्यलं अन् विचारलं, "शक्कर भाभीने भरी?"

मीच भरली असं सांगणार होतो. तोंडात आलंही होतं.

हो म्हणालो.